पांढरीचं डोहाळजेवण

रायपुरात, तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आजवर एकच डोहाळजेवण झालं, आणि ते एका गिनी पिगचं. ती गरोदर नव्हती. जिच्यामुळे ती गरोदर आहे असं घरात धरून चाललो होतो, तीसुद्धा मादीच निघाली. हे सगळं शिकल्यासवरल्या, साठी ओलांडलेल्या तीन माणसांच्या घरात घडलं, आणि त्यातली एक बत्तीस वर्षं सरकारी नोटशीटा लिहून निवृत्त झालेली बाई होती. ती मी.

आमची मुलगी गेल्या श्रावणात हैदराबादला नोकरीवर रुजू झाली आणि जाताना तिच्या खोलीतल्या दोन गिनी पिग आमच्या गळ्यात घालून गेली. ससे म्हणावेत तर कान नाहीत, उंदीर म्हणावेत तर शेपूट नाही. एक भुरी, एक पांढरी. मुलीने त्यांना इंग्रजी नावं ठेवली होती, ती आमच्या तोंडात बसली नाहीत, म्हणून रंगावरूनच हाक मारायला लागलो. कामाला येणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात डोकावून "ये त बड़का मुसुवा आय", म्हणजे हा तर मोठा उंदीरच, असं जाहीर केलं आणि त्या कोपऱ्यातला केर काढायचं बंद केलं. मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. निघताना म्हणाली, "मम्मी, दोनों फीमेल हैं, टेंशन मत लेना. बस अलग मत करना. अकेली पड़ेंगी तो खाना छोड़ देंगी." मी हो म्हटलं. गाडी सुटायच्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

घरात तेव्हा आम्ही तिघं. मी, आमचे हे, आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. मोठे भाऊजी दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर जाऊबाईंनी सदर बाजारातलं भाड्याचं घर सोडलं आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. तीस वर्षं त्यांनी कापडाच्या दुकानावरच्या माडीत संसार केला. खालच्या स्कुटरींच्या हॉर्नवर मात करून बोलायची सवय तिथेच लागली, आणि इथे तलावाकाठच्या शांततेतही ती गेली नाही. सकाळी साडेपाचला भांड्यांचा आवाज सुरू. मग माझ्या वरणावर शेरा, टीव्हीतल्या सुनांवर शेरा, यांच्या दाढीवर शेरा. त्या स्वयंपाकघरात असल्या की सगळं घरच स्वयंपाकघर वाटायचं.

मी मात्र स्वभावाने गरीब. मी कधी कुणावर आवाज चढवत नाही. ऑफिसातसुद्धा चढवला नाही. पटलं नाही तर फाइल परत पाठवायची, संपलं. त्यामुळे जाऊबाई आल्यापासून माझ्याच घरात मी दबून राहते, असं माझं मत होतं, आणि ते मी बहिणीला फोनवर आठवड्यातून दोनदा तरी ऐकवत असे.

त्याच श्रावणात पुतण्याचा पुण्याहून फोन आला. त्याने मोठं घर घेतलं होतं. म्हणाला, "काकू, संक्रांत झाली की आईला कायमची घेऊन जातो." मी जाऊबाईंकडे फोन दिला. त्या म्हणाल्या, "पाहू." नंतर मी विचारलं तेव्हाही "पाहू"च. यांनी विचारलं, तरी "पाहू". खरं सांगायचं तर मला नेमकं काय हवं होतं ते मलाच कळत नव्हतं. माझा ओटा मला परत हवा होता, हे नक्की. पण दुपारी चारला चहाचं आधण ठेवताना हात आपोआप जास्तीचा कप पाणी घ्यायचा, आणि संक्रांतीनंतर तो घ्यायचा नाही हे मनात आलं की उगाच चिडचिड व्हायची. त्या जाणार की राहणार, या एका गोष्टीवर ते सगळे महिने टांगलेले होते.

मुलगी गेल्यावर पंधरा दिवस झाले असतील. संध्याकाळी आम्ही तिघं चहा घेत होतो आणि भुरीने एकदम घशातून घुर्र असा आवाज काढायला सुरुवात केली. टेबलावर मोबाइल थरथरावा तसा. मग कंबर डोलवत, पाय घासत ती पांढरीभोवती फिरायला लागली. दोन फेऱ्या झाल्या आणि सरळ तिच्या पाठीवर चढली. यांनी पेपर वर उचलला, इतका की पेपराला दोन हात आहेत एवढंच दिसत होतं.

जाऊबाईंनी कप खाली ठेवला. "हा नर हाय," त्या म्हणाल्या.

"वहिनी, दोघी माद्या आहेत. दुकानदाराने लिहून दिलंय."

"मादी असं करते का वं? तुले डोळ्यानं दिसून नाही राहिलं का?"

दिसत होतं, हीच तर अडचण होती. मी मुलीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. हलक्या आवाजात म्हणाली, "मम्मी, नॉर्मल है. वो बॉस है ना, इसलिए दिखा रही है. लेडीज भी करती हैं." आणि फोन ठेवला. बाकीचं काही मला कळलं नाही, पण 'बॉस' हा शब्द मी घट्ट धरून ठेवला. जी आवाज करते, जी अंगावर येते, ती बॉस. मी भुरीकडे पाहिलं. मग जाऊबाईंकडे पाहिलं. त्या दिवशी मला फार समाधान वाटलं. निसर्गातसुद्धा आमच्या घरासारखंच असतं तर. आणि ती कोपऱ्यात चुपचाप पाला चघळणारी बिचारी पांढरी, ती मी. त्या दिवसापासून पांढरीला काकडीची एक चकती मी जास्त द्यायला लागले.

जाऊबाईंना बॉस वगैरे पटलं नाही. त्यांचं गणित सरळ होतं. नर आहे, मादी आहे, आपण डोळ्यांनी पाहिलं आहे, आता पुढचं काय ते ओघानेच येणार. दुसऱ्या दिवसापासून पांढरीला मेथीची जुडी, कोथिंबीर, गाजर, वर कोबीचं पान. "दोन जिवांची हाय," त्या म्हणायच्या. माझी चकती आणि त्यांचा खुराक मिळून दसऱ्यापर्यंत पांढरी अशी फुगली की पिंजऱ्यातल्या लाकडी घराच्या दारात एकदा अडकून बसली. मी तिला मागून ओढलं आणि जाऊबाईंनी पुढून समजूत काढली.

मधेमधे भुरीचं ते घुर्र घुर्र चालायचंच. दर दोन-अडीच आठवड्यांनी एखादा दिवस अंगात आल्यासारखं, आणि दुसऱ्या दिवशी जणू काही झालंच नाही. एकदा तर गोंधळ झाला. पांढरीच उठली, घुरघुरली, आणि भुरीच्या पाठीवर चढली. मी जाऊबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हटलं, आता सांगा नर कोणता. त्यांनी कमरेवर हात ठेवून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तिले डोहाळे लागले." यांचा पेपर पुन्हा वर गेला.

पुढे जाऊबाईंनी काढलं की दिवस भरत आलेल्या बाईजवळ नर ठेवू नये. मुलीने अलग करू नका म्हटलं होतं हे मी सांगितलं, पण यावेळी मीही फार ताणलं नाही, कारण बॉसला थोडी अद्दल घडली तर मला हवीच होती. भुरीला आम्ही जुन्या कुलरच्या खोक्यात बाल्कनीत ठेवलं. दिवसभर ती इकडून शिट्टी मारायची आणि पांढरी आतून. एवढ्याशा जिवाला एवढी मोठी शिट्टी येते हे मला माहीत नव्हतं. भुरीने गाजराला तोंड लावलं नाही. मला वाटलं होतं पांढरी आता मोकळी होऊन मजेत खाईल, तर तिनेही मेथी तशीच ठेवली आणि पिंजऱ्याच्या दाराशी तोंड करून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दोघी एकाच घरात, एकमेकींना टेकून झोपलेल्या. जाऊबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "मलेच पाहवलं नाही," त्या म्हणाल्या, आणि कढई आपटली.

नोव्हेंबरात मला नव्या रायपूरला जावं लागलं, पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला. तिकडचे रस्ते रुंद, त्यावर बस दिसली की हात जोडावेत इतकी विरळ. जिवंत असल्याचं सिद्ध करून घरी यायला चार वाजले, आणि तोवर मी अर्धी मेलेली होते. दारात पाहते तर चपलांचे सात जोड. आतून गाण्याचा आवाज येत होता.

जाऊबाईंच्या सदर बाजारातल्या भजनाच्या मैत्रिणी गोल बसल्या होत्या. मध्ये पाटावर पिंजरा, भोवती रांगोळी. पिंजऱ्यावर हिरवा ब्लाउजपीस पांघरलेला, कडीला हिरव्या काचेच्या दोन बांगड्या बांधलेल्या. नारळ पेलणार नाही म्हणून पांढरीपुढे एक सुपारी आणि पाच तांदळाचे दाणे ठेवून ओटी भरली होती. पिंजऱ्यासमोरच्या वेताच्या खुर्चीत जाऊबाई, मांडीवर हळदीकुंकवाचं तबक. त्या मोठ्या आवाजात गात होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, हे मी आज लिहिते आहे. त्या वेळी मला फक्त ब्लाउजपीस दिसला, कारण तो माझा होता.

दोन वाट्या उपड्या घालायचा कार्यक्रम चालू होता. बायकांच्या डोहाळजेवणात एका वाटीखाली पेढा ठेवतात आणि एकीखाली बर्फी. पेढ्याची वाटी उचलली तर मुलगा, बर्फीची उचलली तर मुलगी. इथे पेढ्याच्या जागी काकडी आणि बर्फीच्या जागी कोथिंबीर होती. पांढरीने एक वाटी नाकाने ढकलली, काकडी खाल्ली, लगेच दुसरीही उलटवली आणि कोथिंबीर दांड्यांसकट संपवली. मग ओटीच्या ब्लाउजपीसचं टोक चावायला लागली.

"जुळं होते," एक मैत्रीण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"हे काय चाललंय?" मी दारातून विचारलं. हळूच विचारलं. मी नेहमी हळूच विचारते.

गाणं थांबलं. बायका आपापल्या पिशव्या चाचपायला लागल्या. जाऊबाई तबक घेऊन खुर्चीतून उठल्या. "काही नाही वं, असंच," म्हणत त्यांनी बांगड्या सोडल्या, ब्लाउजपीस झटकून घडी घालून माझ्या हातात दिला. खुर्ची रिकामी झाली होती आणि मी नव्या रायपूरहून आले होते, म्हणून मी बसले. त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मैत्रिणींनी दोन-दोन घास मसालेभात खाल्ला आणि पाच वाजायच्या आत चपला दारातून गेल्या.

त्या संध्याकाळी मी यांना म्हटलं, "पाहिलंत? माझं घर, माझा ब्लाउजपीस, आणि मला न विचारता. या घरात बॉस कोण आहे ते आता तरी बघा."

हे "हं" म्हणाले. माझ्या नवऱ्याचं 'हं' हे फार खोल प्रकरण आहे, पण तेव्हा मी त्यात उतरले नाही.

डिसेंबर निम्मा झाला तरी पांढरी बाळंत होईना. जाऊबाई कॅलेंडरवर टिकल्या लावून होत्या. मुलीच्या जुन्या पुस्तकात यांना दोन-सव्वादोन महिन्यांचा हिशेब सापडला होता, तो कधीच उलटून गेला होता. मग जाऊबाईंचा आवाज बसला. खरंच बसला. सकाळची भांडी वाजायची थांबली. दिवसातून दहादा पिंजऱ्यापाशी जाऊन त्या पांढरीच्या पोटाला हात लावून बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आतल्या आत काही झालं तं नसंन ना वं? मीच लई खाऊ घातलं." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, चला, डॉक्टरला दाखवू.

तलावामागे एक नवा दवाखाना आहे, कुत्र्यामांजरांचा. डॉक्टर मुलगी पंचविशीची, नावावरून मराठी. आम्ही मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, घरचीच वाटली. भाजीच्या टोपलीतून आम्ही दोघींना नेलं होतं. तिने आधी भुरीला उलटं करून पाहिलं, मग पांढरीला. पोट चारी बाजूंनी चाचपलं. काट्यावर ठेवलं. जाऊबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, बांगडी रुतेपर्यंत.

"दोनों मादा हैं, आंटी," ती म्हणाली. "और ये प्रेग्नंट नहीं है. मोटी है."

जाऊबाईंनी मनगट सोडलं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं की लाज वाटली ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. मी बाजू सावरायला म्हटलं, "पण डॉक्टर, ही भुरी तिच्या पाठीवर चढते, आवाज करते. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

तिने हसू दाबून समजावून सांगितलं. माद्या पंधरा-सोळा दिवसांनी एकदा माजावर येतात, तेव्हा शेजारी जी असेल तिच्यापुढे घुरघुरतात, डोलतात, चढतातसुद्धा. एखाद्या दिवसाचं असतं, मग विसरून जातात. कधी आपलं वजन दाखवायलाही करतात. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

"म्हणजे भुरी बॉस आहे," मी म्हटलं. निदान माझं तरी बरोबर निघावं एवढीच इच्छा होती.

"ज़रूरी नहीं. शोर तो कोई भी कर लेती है. बॉस देखना है तो ये देखिए कि एक आती है तो जगह कौन छोड़ती है." तिने टेबलावर कोथिंबिरीची एक काडी ठेवली. भुरी आधी पोचली आणि खायला लागली. पांढरी आपलं पोट सांभाळत सावकाश आली. तिने काही केलं नाही, नुसती येऊन उभी राहिली. भुरी काडी सोडून बाजूला झाली.

"पण ती तर काही बोलतच नाही," मी म्हटलं.

"उसको बोलने की ज़रूरत ही नहीं पड़ती, आंटी."

परत येताना ऑटोत जाऊबाई टोपली मांडीवर धरून बसल्या. मला मात्र डॉक्टरच्या बोलण्यात कुठेतरी चूक आहे असं वाटत होतं, आणि चूक वाटली की मी नोंद ठेवते. ऑफिसातली सवय. घरी आल्यावर जुनी डायरी काढली, रकाने आखले. वेळ, कोण आलं, कोण उठलं. तीन दिवस मी पिंजऱ्यासमोर बसले. सकाळी पाण्यापाशी पांढरी आली, भुरी उठली. गवतावर पांढरी आली, भुरी उठली. उन्हाच्या तुकड्यात भुरी पसरलेली, पांढरी आली, भुरी उठली. भुरी एकदाही घाबरलेली दिसली नाही, तिला कुणी चावलं नाही, मारलं नाही. तिला फक्त कुठेच पुरतं बसता येत नव्हतं. चौथ्या दिवसापर्यंत मला भुरीची फार दया यायला लागली आणि पांढरीचा राग. काय मेली मिजासखोर, मी डायरीच्या कडेला लिहिलं होतं, ते अजून आहे.

चौथ्या दिवशी पिंजरा बाल्कनीत उन्हाला ठेवला होता. सकाळचं काम आवरून मी डायरी घेऊन तिकडे गेले. जाऊबाई वेताच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून त्यांनी परात उचलली.

"बस वं तू. मी तशीबी उठूनच राहिली होती."

मी बसले. डायरी उघडली, घड्याळात पाहिलं आणि लिहिलं, अकरा चाळीस, पांढरी आली, भुरी उठली. मग खात्री करायला पिंजऱ्यात पाहिलं. दोघी एकमेकींना टेकून गाढ झोपल्या होत्या. पिंजऱ्यात कुणीही उठलं नव्हतं.

मी पेनला टोपण लावलं आणि डायरी मिटली. खुर्ची अजून त्यांच्या अंगाने ऊबदार होती. परातीत अर्धी मेथी निवडायची बाकी होती हे मी त्या जाताना पाहिलं होतं. त्या उठूनच राहिल्या नव्हत्या.

मग एकेक आठवायला लागलं, नको असताना. मी टीव्हीपुढे आले की रिमोट सोफ्याच्या माझ्या बाजूला आलेला असतो. पहाटे साडेपाचला त्या ओट्याशी असतात, कारण सातला मी तिथे येते. वरणावर शेरा मारतात, पण वरण माझ्याच पद्धतीचं होतं. त्यांच्या हातचं, चिंचगुळाचं, या घरात दोन वर्षांत शिजलेलं नाही. आणि मागची संक्रांत. हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. मी त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं होतं, "वहिनी, तुम्ही आत आराम करा. तुम्हाला उगाच वाईट वाटायला नको." हळूच म्हटलं होतं. त्यांचं मन राखलं म्हणून मलाच माझं कौतुक वाटलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. इतकी मोठ्या आवाजाची बाई, पण त्या तीन तासांत आतून साधं खोकल्याचासुद्धा आवाज आला नाही.

मी उठून यांच्याकडे गेले. म्हटलं, "एक विचारते. खरं सांगा. या घरात बॉस कोण आहे?"

यांनी आधी दार लावलेलं आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, "आता हे नोटशीटवर लिहून पाहिजे का तुला?"

यापेक्षा स्पष्ट उत्तर या माणसाने लग्नानंतर मला दिलेलं नाही. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं आवरायचं ते कळेना म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

दुपारी चारला मी चहा केला आणि दोन्ही कप घेऊन जाऊबाईंच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या, शेजारी भिंतीला लावून बॅग. ती कधी बाहेर काढली होती देव जाणे. मी खाली जमिनीवर बसले, म्हणजे त्यांना उठायला निमित्त उरू नये. चहा अर्धा झाल्यावर विचारलं, "वहिनी, पांढरीचं डोहाळजेवण कशाला केलंत? मी ओरडत नाही, नुसतं विचारते."

त्यांनी कपातल्या सायीवर फुंकर मारली. म्हणाल्या, "हे गेले तेव्हापासून कोनी मले ओटी भराले बोलावलं नाही. माह्या हातानं किती पोरींच्या ओट्या भरल्या होत्या सदर बाजारात, मोजता नाही येत. म्या म्हटलं, इची भरून घेऊ. इले काय समजते? ते तं मले नाही म्हननार नव्हती."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला नाही, एवढं आठवतं. मग म्हणाल्या, "आन् थे निघाली मोटी," आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात हसल्या. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

संक्रांत आली. पुतण्याने दोनदा विचारलं होतं, रविवारचं तिकीट काढू का. जाऊबाई "पाहू" म्हणत होत्या, आणि बॅग भिंतीलाच होती. मी जा म्हटलं नाही आणि राहा म्हणायलाही तोंड उघडत नव्हतं, कारण माझं 'राहा' हेसुद्धा हुकूमच ठरणार, अशी मला भीती वाटायला लागली होती.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी वेताची खुर्ची हॉलच्या दाराजवळ ठेवली आणि तबक जाऊबाईंच्या हातात दिलं. "कुंकू तुम्ही लावायचं. मी वाण देते."

"मी? लोक काय म्हनतीन वं?"

"म्हणू देत."

त्या बसल्या, पण टेकल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर, आत्ता उठायला लागेल अशा. पहिल्या दोघीतिघी त्यांच्याच मैत्रिणी, त्यांनी पुढे वाकून कपाळ दिलं. मग वरच्या मजल्यावरची एक सुनबाई आली. बोट कपाळाकडे येताना पाहून ती मागे सरकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, आप ही लगा दीजिए ना."

जाऊबाई उठायला लागल्या. मी पाहिलं, बाल्कनीत मेथीची परात उचलून उठल्या होत्या तशाच.

"हमारे घर में बड़ी ये हैं," मी म्हटलं. हळूच म्हटलं आणि त्या मुलीकडे बघत उभी राहिले. बत्तीस वर्षं ज्या नजरेने फाइली परत पाठवल्या तीच नजर. आयुष्यात पहिल्यांदा तिचा मला उपयोग वाटला. मुलीने कपाळ पुढे केलं. तिच्यानंतरच्या सगळ्यांनी केलं. शेवटी मी केलं. जाऊबाईंनी माझ्यासाठी कुंकवाची चिमूट इतकी मोठी घेतली की अर्धं कुंकू माझ्या नाकावर सांडलं, आणि ते तसंच घेऊन मी अर्धा तास लोकांना वाण वाटत फिरले. कुणी सांगितलंसुद्धा नाही.

सातपर्यंत सगळ्या गेल्या. उभं राहून माझे पाय भरून आले होते. तिळगुळाचं ताट आवरून हॉलमध्ये आले आणि सवयीने सरळ वेताच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. जाऊबाई खुर्चीत होत्या. पाठ पूर्ण टेकलेली, पाय लांब केलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. पिंजऱ्यात भुरी घुरघुरायला लागली.

"इचे पंधरा दिवस भरले वाटते," जाऊबाई म्हणाल्या. "पोट्ट्याले फोन लाव. सांग, तिकीट नको काढू म्हना, मेमध्ये तूच ये आंबे खाले. आन् उद्या वरन मी करतो."

"बरं," मी म्हटलं.

मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. त्या उठल्या नाहीत. मग मी खाली सतरंजीवर बसले आणि पुतण्याला फोन लावला.